आंधळी लाईन

मिरजेहून पुण्याकडे जाणारी प्रत्येक गाडी नाथाजीच्या खोपटासमोर थांबत असे. पुण्याहून परत येणारी मात्र कधीच थांबत नसे. त्याच्या नोकरीची जागाच तशी होती. वरचं स्टेशन सोडलं की रूळ वळणं घेत घाट उतरायला लागायचे ते थेट लोणंदच्या सपाटीपर्यंत. निम्म्या उतारावर, जिथं वस्ती नाही, पाणी नाही, सावलीला धड झाड नाही, तिथं कंपनीनं एक पत्र्याचं खोपट उभं करून त्यात नाथाजीला ठेवला होता.

घाटात रूळ पडले तेव्हापासूनच साहेब लोकांना एक धास्ती होती. भरलेली गाडी उतारावर आवरली नाही तर काय करायचं? म्हणून त्यांनी इथं लाईनीला एक फाटा काढला. तो खाली न उतरता समोरच्या टेकाडावर चढत जायचा आणि वाळू-मुरमाच्या मोठ्या ढिगात संपायचा. सांधा कायम त्या फाट्याकडेच वळवून ठेवलेला असे. उतरणाऱ्या गाडीनं सांध्याच्या अलीकडे पूर्ण थांबायचं आणि शिटी द्यायची. मग सांधेवाल्यानं दांडा ओढून लाईन सरळ करायची आणि हिरवं निशाण दाखवायचं. गाडी गेली की सांधा पुन्हा फाट्याकडे. जी गाडी थांबूच शकणार नाही ती आपसूक फाट्यावर चढेल, चढावर तिचा जोर मरेल आणि ती वाळूत रुतून बसेल, असा तो बेत. कंपनीच्या कागदात तिला कॅच सायडिंग म्हणत. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची माणसं आंधळी लाईन म्हणत, कारण ती कुठंच जात नव्हती. नाथाजी आल्यापासून तिच्यावर एकही गाडी चढली नव्हती. रुळांना तांब चढली होती आणि मधल्या खडीत कुसळी गवत माजलं होतं.

नाथाजी पलूसकडचा. नदीकाठच्या काळ्या रानातला, भरल्या घरातला. पलटणीत जायचं म्हणून तो साताऱ्याला गेला, पण तळपाय सपाट निघाले आणि त्याला माघारी धाडलं. धाकटा अर्जुना मात्र पुढं पास होणार हे तेव्हाच सगळ्यांना दिसत होतं. गावात तोंड दाखवायला नको म्हणून नाथाजीनं रेल्वेची नोकरी धरली, आणि रेल्वेनं त्याला नेऊन या उतारावर बसवलं.

पाणी मालगाडीच्या गार्डाच्या डब्यातून पिंपात यायचं. एखादा फायरमन जाताजाता कोळशाची चार ढेकळं टाकून जायचा. बाकी सोबत म्हणजे मोर, घोरपडी आणि संध्याकाळी पलीकडच्या कड्यावर येऊन उभा राहणारा एक लांडगा.

आणि गाडी थांबे तो मिनिटभर. लढाई सुरू झाल्यापासून गावाकडची माणसं पुण्याला फार जायला लागली होती. कुणी भरतीला, कुणी खडकीच्या कारखान्यात. गाडी थांबली की खिडकीतून हाक यायची, "नाथाजी हाय का रं?" आणि तो दांड्याकडे चालत चालत बोलायचा. गावाची खबर त्याला अशी तुकड्यातुकड्यानं कळायची. नदीला पाणी किती आलं, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं. एकानं अर्धी गोष्ट सांगायची आणि गाडी हलायची. उरलेली अर्धी पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या तोंडून यायची, नाहीतर यायचीच नाही. मळ्यातली एक गाभण म्हैस विहिरीत पडली एवढं त्याला कळलं होतं. ती वर निघाली की नाही हे शेवटपर्यंत कळलं नाही.

या बोलण्यातली वाईट गोष्ट अशी की ते तोडायचंही त्यालाच असे. आपणच दांडा ओढायचा, आपणच निशाण दाखवायचं आणि आपल्या माणसाला आपणच पुढं लावून द्यायचं. परत येताना हीच माणसं चढाच्या गाडीत असत. ती गाडी धापा टाकत, माणसाच्या चालीनं वर जायची, पण थांबायची नाही. हात हलायचे, तोंडं हलायची, आणि इंजिनाच्या आवाजात एक शब्द ऐकू यायचा नाही.

अंजना, त्याची बायको, एकदा येऊन राहिली होती. संक्रांतीनंतर आली आणि शिमग्याला गेली. तिच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे चुलीभोवती चार-चार बाया. इथं ती कोंबडीशी बोलायची. एके दिवशी रानमांजरानं ती कोंबडी नेली. त्या संध्याकाळी अंजना उंबऱ्यात बसून म्हणाली, "आवं, हितं मी हाक मारली तर डोंगरच वो म्हंतोय. मला न्हाई ऱ्हावायचं." नाथाजीला राग आला नाही. त्यालाही तिथं राहवत नव्हतं. फक्त त्याला जायची मुभा नव्हती.

अर्जुना गेला तो एकेचाळीस साली, थंडीत. भरतीची पोरं डब्याडब्यांतून गात होती. अर्जुना दारात उभा होता, नवीन बुटांत अवघडलेला.

"दादा, आयेकडं बघ."

"मी हितं डोंगरात. मी काय बघनार? तू पत्र धाडत जा म्हंजे झालं."

"धाडतो की. दादा, तुझा ह्यो दांडा लय जड हाय का रं?"

"न्हाई. सवं झाली की हलका वाटतोय."

ड्रायव्हरनं शिटी दिली. नाथाजीनं दांडा ओढला. अर्जुना काहीतरी बोलत राहिला आणि डबा वळणाआड गेला.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात गाडी थांबली तेव्हा खिडकीत गावातली बनाबाई होती, लेकाकडं खडकीला निघालेली. एरवी ती तोंडाची मोठी फटकळ. त्या दिवशी नाथाजीला बघितलं आणि तिनं नुसता पदर तोंडाला लावला. "काय झालं, मावशे?" त्यानं दोनदा विचारलं. मागनं गार्डनं हिरवं दाखवलं. नाथाजी दांड्यापाशी गेला, दांडा ओढला, निशाण धरलं, आणि डबा समोरून सरकताना तिला एवढंच म्हणता आलं, "अर्जुना."

बदलीचा माणूस मिळून तो घरी पोचला तोवर दिवस होऊन गेले होते. इटली नावाच्या मुलखात कुठल्याशा नदीपाशी अर्जुना पडला होता. माती द्यायलाही काही नव्हतं. आई, राहीबाई, जात्यापाशी बसून होती. नाथाजी दोन दिवस राहिला आणि परत घाटात आला, कारण बदलीच्या माणसानं तिथं जास्त राहायला साफ नकार दिला होता.

त्यानंतर तो बोलायचाच बंद झाला. गाडी थांबली की निमूट दांड्याकडे जायचा. माणसं हाका मारून थकली. हे गावात पोचलं असणार. कारण पाऊस सरता सरता एके दिवशी गावातल्या शेजारच्या, गुंडा नावाच्या पोरानं खिडकीतून निम्मं अंग बाहेर काढून सांगितलं, "दादा, वैनी येनार हाय हिकडं, ऱ्हायाला. म्हातारीच म्हनली तिला, एक लेक मला दिसला न्हाई, दुसरा डोंगरात एकटा कुडतोय. तू जा त्याच्याकडं. येत्या मंगळवारच्या गाडीनं येतीया. गार्ड नानासो हितंच उतरू देतो म्हनलाय."

मंगळवारपर्यंत नाथाजीनं खोपट शेणानं सारवून काढलं, चुलीला पोतेरं दिलं. वरच्या स्टेशनावरच्या गँगमनकडून, भाऊसोकडून, एक तलंग कोंबडी आणून टोपलीखाली झाकली. मंगळवारी दुपारी धुतलेलं धोतर नेसून तो सांध्यापाशी जाऊन उभा राहिला. ऊन स्वच्छ होतं. खोपटातल्या तारेच्या घंटेवर वरून गाडी सुटल्याचा ठोका पडला.

पहिल्यांदा त्याला शिटी वेगळी वाटली. थांबताना द्यायची ती लांब शिटी नव्हती. तुटक, एकामागं एक, मध्ये श्वास न घेता. मागच्या गार्डानं हातब्रेक आवळावा म्हणून ड्रायव्हर अशी शिटी देतो, हे नाथाजीनं शिकताना ऐकलं होतं, प्रत्यक्षात ती कधी कानावर आली नव्हती. मग वरच्या खिंडीतून गाडी बाहेर आली. चाकांखाली ठिणग्या उडत होत्या आणि तरीही ती येतच होती.

ब्रेकची नळी कुठंतरी निसटली होती, हे मागाहून कळलं. त्या घडीला त्याला फक्त अंजना दिसली. पहिल्याच डब्याच्या दारात, गठुडं पोटाशी धरून, उतरायच्या तयारीत. तो डबा खोपटासमोर थांबतो हे मागं त्यानंच तिला सांगितलं होतं. ती हसत होती. गाडी थांबणार नाही हे तिला अजून उमगलं नव्हतं.

नाथाजीचा हात दांड्यावर गेला. उजवीकडे आंधळी लाईन ढिगात संपत होती, ते समोर दिसत होतं. डावीकडे लाईन मोकळी होती, उन्हात चकाकत खाली गेलेली. दांडा ओढला की बायको समोरून निघून जाईल, वाळूत आदळणार नाही. त्याच्या मनात एवढंच आलं. आणि मग त्याचा हात दांड्यावरच थिजला. त्यानं ओढला नाही.

इंजिन सांध्यावरून खडाडत उजवीकडे वळलं, गवत चिरडत टेकाडावर चढलं. गाडीचा जोर मरत गेला, पण पुरता मरायच्या आत ढीग आला. वाळूचा लोट उठला. इंजिन कुशीवर कलंडलं आणि पहिला डबा त्याच्या पाठीवर चढून वाकडा झाला. मागचे डबे हिसके खाऊन जागच्या जागी उभे राहिले. मग माणसं ओरडायला लागली.

फायरमन कोळशाखाली गेला होता, तो जिवंत निघाला नाही. पहिल्या डब्यातली बरीच माणसं जखमी झाली. मागच्या डब्यांत खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. अंजनाचा पाय दाराच्या चौकटीत गुडघ्यापाशी चेंगरला होता. नाथाजीनं आणि नानासोनं तिला ओढून बाहेर काढलं. ती शुद्धीवर होती. तिनं नाथाजीच्या तोंडाकडे बघितलं, मग सांध्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि डोळे मिटून घेतले.

साताऱ्याच्या दवाखान्यात तो एकदाच जाऊ शकला. बाहेरच्या ओट्यावर अंजनाचा भाऊ तात्याबा बसला होता. त्यानं नाथाजीला आत जाऊ दिलं नाही.

"डब्यातल्या मानसांनी सांगितलंय मला. दुसरी लाईन मोकळी हुती."

"हुती."

"दांडा तुमच्या हातात हुता."

"व्हय."

"आनि ती दारात हाय हे दिसलं हुतं?"

"दिसलं हुतं."

"मग आता काय बोलायचं ऱ्हायलंय, दाजी?"

नाथाजीला सांगता आलं असतं. उताराचं, खालच्या वळणाचं, त्यापुढच्या पुलाचं. पण ते मनात जुळवतानाच आपण आपल्यालाच पटवत आहोत असं त्याला वाटायला लागलं, आणि तो उठला.

एक साहेब ट्रॉलीवरून येऊन जागा बघून गेला. बरोबर केलंस, म्हणाला. नाथाजीनं केलं काहीच नव्हतं. ओढायचा तो दांडा ओढला नव्हता, इतकंच.

गाड्या पुन्हा सुरू झाल्या. त्या थांबतही होत्या, पण आता हाक येईना. गावची माणसं ओळखू यायची. कुणी मान वळवून डोंगराकडे बघायचं, कुणी खिडकीची फळी खाली ओढायचं. आपल्या बायकोला यानं आंधळ्या लाईनीत घातली, ही गोष्ट मात्र अर्धी न राहता गावभर पुरी पोचली होती. एकदा तर गुंडाच समोर आला. तो काही बोलेल म्हणून नाथाजी थांबला. गुंडानं तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि तळहाताकडे बघत राहिला. नाथाजीनं दांडा ओढला.

तलंग आता अंडी घालायला लागली होती. तिच्याशीही तो बोलत नसे. पुण्याकडून येणारी गाडी वर जाताना तो झोपडीच्या मागं जाऊन बसायचा, म्हणजे हात हलतात की नाही हे बघायला नको. कधी कधी दिवस मावळताना तो आंधळ्या लाईनीवर जायचा. गँगनं वाळू पुन्हा सारखी करून ठेवली होती. तिच्यावर एकही पाऊल नसे. तिथं तो अंधार पडेपर्यंत बसायचा.

पुढच्या वर्षी चैत्रात रजा मिळाली तेव्हा तो घरी न जाता तासगावकडं, अंजनाच्या माहेरी गेला. तात्याबा रानात होता. अंजना परसात भिंतीला टेकून, एक पाय लांब करून शेंगा फोडत होती. तो पाय आता गुडघ्यात वाकत नव्हता. तिनं त्याला बघून पदर सारखा केला आणि हात चालूच ठेवला. तो समोर बसला.

"ती दुसरी लाईन," अंजना एकदम म्हणाली, "ती कुटं जाती?"

"खाली. लोनंदला."

"तसं न्हाई. हितनं पुढं गेल्याव काय हाय तितं?"

त्यानं सांगायला सुरुवात केली आणि थांबला. शेंगांची टरफलं हातात घेऊन बसला. "मला सांगाया न्हाई येत, अंजे."

"मग दावा."

तात्याबानं पुष्कळ कटकट केली. राहीबाईला निरोप गेला तेव्हा तिनं एवढंच कळवलं, की ती म्हणती तर घेऊन जा.

वरच्या स्टेशनावर दोघं उतरली. पुढचा उतार गाडीतनं उतरायला अंजना तयार नव्हती, म्हणून भाऊसोनं गँगच्या ढकलगाडीवर पोतं टाकून तिला बसवलं आणि हळूहळू, ब्रेक दाबत, खाली आणलं. सांधा आला तेव्हा तिनं नाथाजीचा दंड धरला. खोपटात ती थांबलीच नाही. काठी टेकत, त्याच्या खांद्याचा आधार घेत ती रुळाच्या कडेनं खाली निघाली.

लांब जावं लागलं नाही. सांध्याच्या थोडं पुढं डोंगराची सोंड येते. तिथं लाईन कड्याला चिकटून एकदम डावीकडे वळते. उजव्या हाताला काहीच नाही, नुसती दरी. वळण संपतं तिथंच उंच दगडी खांबांचा पूल. पुलाखाली ओढ्यातले खडक पांढरे दिसत होते. अंजना कड्याच्या बाजूला एका दगडावर पाय लांब करून बसली. ती उठेना म्हणून नाथाजी तिला तिथं बसवून सांध्याकडे परतला, कारण गाडीची वेळ झाली होती. गाडी आली, थांबली. त्यानं दांडा ओढला. अंजनाच्या समोरून ती गोगलगाईसारखी गेली, तरी वळणावर चाकं किंचाळली आणि एकेक डबा दरीकडे झुकून सावरला.

नाथाजी परत आला तेव्हा ती पुलाकडे बघत होती.

"हळू जाऊन असं. तवा तर ती पळत हुती."

"व्हय."

"लय मानसं हुती गाडीत. माझ्या म्होरं एक बाई बसलेली, तिची तीन पोरं." ती त्याच्याकडे वळली. "तुमास्नी हे समदं तवा सुचलं?"

"न्हाई," नाथाजी म्हणाला. "काय बी सुचलं न्हाई. तू दिसलीस आन हात दांड्यावर गेला. वडनारच हुतो. मग का न्हाई वडला, ते मला अजून कळलं न्हाई."

मग तिनं काठी बाजूला ठेवली आणि त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. "बरं झालं न्हाई वडला," ती म्हणाली, आणि त्या दवाखान्यापासून आत साठलेलं सगळं रडू तिला तिथं दरीच्या तोंडाशी आलं. नाथाजीला रडता आलं नाही. तो हात तसाच ठेवून बसला.

ती राहिली. तिनं चूल मांडली, भाकरी थापल्या, अर्जुनाच्या आठवणी काढल्या. गावाकडची माणसं खिडकीतून तिला खोपटाच्या दारात बघायला लागली आणि मग एकेकाच्या तोंडाला पुन्हा वाचा फुटली. गुंडा तर उतरून तिच्या पाया पडला आणि गार्डाच्या शिव्या खाऊन परत चढला. नाथाजीला वाटलं, आता होईल नीट.

पण वरून गाडी सुटल्याची घंटा आली की अंजनाच्या हातातलं पीठ गळून पडायचं. ती भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसायची आणि थांबल्याच्या शिटीची वाट बघायची. गाडी नीट थांबायची, नीट जायची. तिला ते कळायचं. तरी घामानं चोळी भिजलेली असायची. रोज. वळवाचे ढग दिसायला लागले तेव्हा तीच म्हणाली, "राग न्हाई आता. आईशपथ न्हाई. पन अंगाला कळत न्हाई हो त्ये. मी घरी जाते. आत्याबाई बी एकट्याच हाईत."

"मी बदली मागितलीया. सांगली मिळंल तर बघू म्हनत्यात."

"मिळंल की."

दोघांनाही ठाऊक होतं. त्या अपघातानंतर या जागेवर यायला कुणी तयार होत नव्हतं. साहेबानं तसं स्पष्टच सांगितलं होतं, बदली द्यायला हरकत नाही, पण तिथं उभं राहायला माणूस आण.

निघायच्या दिवशी भाऊसो आणि गँगची माणसं ढकलगाडी घेऊन आली. तिला वरच्या स्टेशनावर पोचवायचं आणि तिथून मिरजेच्या गाडीत बसवायचं. नाथाजीला जागा सोडता येत नव्हती, ड्यूटी होती. माणसं ढकलगाडी रेटत चढ चढायला लागली. अंजना मागं तोंड करून बसली होती, वळणाआड जाईपर्यंत.

दुपारी खालून घंटा झाली. त्यानं सांधा सरळ केला. पुण्याहून आलेली गाडी धापा टाकत वळण घेऊन वर आली. अंजना त्यात नव्हती. ती अजून वर, स्टेशनाच्या बाकावर असणार, पाय लांब करून, याच गाडीची वाट बघत. नाथाजी डबे बघत उभा राहिला. कुठली खिडकी तिला मिळेल ते त्याला सांगता येत नव्हतं. शेवटचा डबा आला. दारात नानासो हिरवं निशाण काखेत धरून उभा होता. नाथाजी खडीतून त्याच्या बरोबरीनं चालायला लागला.

"नानासो, वरच्या ठेसनाव आमचं मानूस बसनार हाय."

"माहीत आहे."

"तिचा पाय मुडपत न्हाई. कडंची जागा बघून द्या. उजव्या अंगाला."

"देतो."

"आन गाडी हलली की एखाद्या बाईमानसाला तिच्याजवळ बसवा. तितनं पुढं घाट न्हाई, पन तिला त्ये कळायचं न्हाई."

नानासोनं मान हलवली. खडी संपून कडा लागला तिथं नाथाजीला थांबावं लागलं. गाडी त्याच्या पुढं निघून गेली. तिचा धूर खिंडीत अडकून बराच वेळ तसाच होता. तो खाली आला, सांधा पुन्हा आंधळ्या लाईनीकडे वळवला, खीळ घातली आणि ती नीट बसली का ते हातानं चाचपून बघितलं.